घोडीचं इंजेक्शन

१२ जानेवारी

सुदेश सर आज कोपरला घरी आले. माझा भाऊ रत्नदीप शर्यतीत ज्यांच्या घोड्यांवर बसायचा ते ट्रेनर. बूट न काढता आत. बाबांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसले. मी पाणी दिलं. परक्यांसमोरचं माझं सगळं बोलणं नंतर या वहीत होतं.

सर म्हणाले, तुमच्या मुलाला नियमाने मारलं. ज्या घोडीवरून रत्ना पडला, तिला जोरात पळताना नाकातून रक्त यायचं. म्हणून शर्यतीच्या दिवशी सकाळी इंजेक्शन द्यायचे. या सीझनपासून रेस क्लबने ते बंद केलं. शर्यतीच्या दिवशी कुठलंच औषध नाही. मग वळणावर रक्त आलं, घोडी अडखळली, रत्ना खाली. मागच्या घोड्यांना थांबता आलं नाही.

सरांना क्लबकडे अर्ज करायचाय. इंजेक्शन परत सुरू करा म्हणून. वर रत्नाचा फोटो, खाली बाबांची सही.

बाबा म्हणाले, "रत्नाच्या जलदानाच्या दिवशी विहारात या. तेव्हा करतो."

कोण बसलं असेल तो नियम करायला? एसीत बसून! मुक्या जनावराचं औषध तोडलं आणि वर बसलेल्या माणसाचा विचार कुणी केला नाही. माझा भाऊ एकोणतीस वर्षांचा होता.

१३ जानेवारी

शेजारच्या शेवंती मावशी चहा घेऊन आल्या. चांगल्या मनाने आल्या, पण म्हणाल्या, घोड्यावर बसायची ही काय नोकरी झाली का गं माया? आठ वर्षं हाच प्रश्न. आता तरी नको होता. कप तसाच परत दिला.

१४ जानेवारी

बाबांच्या पायाला सूज. त्यांच्या पाण्याच्या गोळ्या आणायला गेले. त्या घेतल्या की लघवी होऊन सूज उतरते. दुकानदार नेहमीसारखा म्हणाला, "काय ताई, काका गोळ्या चणे म्हणून खातात काय?" महिन्याच्या गोळ्या आमच्याकडे दिवाळीपासून महिनाभर पुरत नाहीत. बाबा विसरतात आणि दोनदा घेतात. त्यावरून मी कितीदा ओरडलेय. ते म्हणतात, नाही गं घेत.

रत्नाचं दुकानदाराला माहीत नसावं. मी सांगितलं नाही.

१६ जानेवारी

ऑफिसमधून अर्धी सुट्टी. वर्तकनगरहून थेट रेसकोर्सवर. रत्नाचे बूट आणि बॅग आणायची होती.

ती घोडी समोरच उभी! मला वाटलेलं तिलाही काही झालं असेल. तिचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, रत्ना तिला नुसतं 'बाई' म्हणायचा. घरी फोनवर बोलताना, बाईचा मूड नाही आज, बाईने गाजर मागितलं. बाबा आधी भलतंच समजले होते.

बाई बादलीतून पाणी पीत होती. घोट गळ्यातून खाली जाताना दिसत होते. मला तिचाही राग आला.

काळुराम तिची देखभाल करतो. मी विचारलं, किती रक्त आलेलं? त्याने रिकामी बादली उचलली. मग म्हणाला, "ताई, तिच्या नाकाला रक्त नव्हतंच. मीच धरून आणली ना तिला."

मग हळूहळू सगळं बोलला. घोडी अडखळली नाही. रत्नाच एका बाजूला झुकला, डुलकी लागल्यासारखा. सकाळपासून त्याचे ओठ पांढरे होते. आदल्या दिवसापासून पोटात पाणी नव्हतं.

त्या इंजेक्शनने घोड्याच्या अंगातलं पाणी निघून जायचं. रक्त थांबायचं आणि घोडा हलकाही व्हायचा. ते बंद झालं आणि बाई जड पळायला लागली. मग सरांनी तिला कमी वजनाच्या शर्यतीत घातलं. घोडी हलकी करता येत नाही, तर स्वार हलका. रत्नाला म्हणाले, दोन किलो उतरव, नाहीतर दुसरा बसेल.

"गोळी खायचा वजनकाट्यावर जायच्या आधी. सारखा मुतायला पळायचा, आम्ही हसायचो. कसली गोळी विचारलं तर म्हणाला, बाईचंच औषध आहे. तिला बंद झालं, मला चालू. मला कोण तपासतंय?"

गोळी कुठून आणायचा ते काळुरामला माहीत नाही.

मला माहीत आहे. सरांनीच दिली असणार. घोड्याचं औषध माझ्या भावाला! आणि आमच्याच घरात, आमच्याच खुर्चीत बसून नियमाला शिव्या. मीही चार दिवस त्याच नियमाला शिव्या दिल्या.

१७ जानेवारी

बाबांना सांगितलं नाही. बॅगही उघडली नाही.

१८ जानेवारी

आज विहारात रत्नाच्या नावाने जलदान. भंतेजी गाथा म्हणत होते. बाबांनी तांब्यातून पाणी ओतलं, खालचं भांडं भरून वाहीपर्यंत ओतायचं असतं. बाबांचा हात मी खालून धरला. पाणी ताटात सांडलं तरी ते थांबेनात. दीड दिवस त्याला एक घोट मिळाला नाही, आणि आता हे.

जेवणं झाल्यावर सर कागद घेऊन आले. बाबांनी चष्मा लावला. मी कागद काढून घेतला.

"सर, बाईच्या नाकाला रक्त नव्हतं."

"कोण म्हणालं?"

काळुरामचं नाव कसं घेऊ? म्हटलं, "तिलाच विचारून आले."

वीस-पंचवीस माणसं बघत होती. सर हसले. दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणाले. मी म्हटलं, "गोळी तुम्ही दिली त्याला. त्याचा फोटो लावायचा नाही."

"मी गोळी दिली नाही. बाबासाहेबांची शपथ घेऊन सांगतो, वजन उतरव एवढंच म्हणालो."

त्यांच्या तोंडून ते नाव! कागद फाडला. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलले आणि मला बरं वाटलं. घरी येताना बाबा म्हणाले, कसली गोळी गं? मी म्हटलं, काही नाही.

१३ फेब्रुवारी

दुकानात निघाले होते. बाबा गोळ्यांचा डबा घेऊन आले. उघडून दाखवला.

"या महिन्यात पुरल्या बघ. उरल्यात अजून. आता तरी पटलं ना, मी दोनदा घेत नव्हतो?"