दुसऱ्यांदा लावलेली मेणबत्ती

ट्रॉय, मिशिगन
१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय दीपू,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे ठीक. परवा पहिला बर्फ पडला. अतुलने ड्राइव्हवे साफ केला आणि लगेच कंबर धरून सोफ्यावर आडवा. उपासनाला शाळेत स्पेलिंगच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. आईचं ग्रीन कार्ड आलं, गुडघाही बरा आहे. रोज सकाळी कांताकाकूंबरोबर मॉलमध्ये चालायला जाते, साडीखाली स्नीकर्स घालून.

तुझं पाकीट पोचलं. न्यूयॉर्कची विमानाची तिकिटं मिळाली. तिथल्या म्युझियममध्ये तुझ्या साहेबांचे सगळे सिनेमे आठवडाभर दाखवणार, आणि शेवटच्या दिवशी आईला स्टेजवर बोलावणार, असं लिहिलंयस. "तिला पांढरी साडीच नेसव," हेही लिहिलंयस. मी फोन उचलला होता, नंबर अर्धा फिरवला आणि ठेवला. फोनवर तू गोड गोड बोलतोस आणि मी विरघळते. म्हणून कागद घेतला.

आक्सेल विंथर! नागपुरात बाबा हे नाव कसं घ्यायचे, आठवतं? "आमच्या दीपूचा साहेब, डेन्मार्कचा मोठा डायरेक्टर." त्याचा पहिला सिनेमा कोळ्याच्या विधवेवर, त्याला बक्षीस. दुसरा वेड्यांच्या इस्पितळावर, त्यालाही बक्षीस. तू त्याचा साउंडवाला, म्हणजे अर्धं बक्षीस आपलंच, असा बाबांचा हिशोब. डॅनिश पेपरातली कात्रणं घेऊन फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये फिरायचे. एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण साहेबांचा नियम पाठ होता. शॉट एकदाच. नट अडखळला, पडला, चुकला, तरी जे घडलं तेच खरं. परत कर म्हणायचं नाही. बाबा म्हणायचे, "माणूस तत्त्वाचा आहे."

तिसरा सिनेमा पडला. चौथा कुणी विकतसुद्धा घेतला नाही. मग कुठून तरी अमेरिकन पैसा मिळाला आणि स्वारी डेट्रॉइटला आली, बंद पडलेल्या कारखान्यांवर सिनेमा काढायला. नटी अर्ध्यावर सोडून गेली, पैसेवाल्यांनी हात वर केले. तू मोटेलमधून फोन करायचास, "ताई, साहेब संपले यार. त्यांच्याबरोबर मीही संपलो." आणि नेमकं तेव्हाच, आमच्याकडे सहा महिने राहायला आलेले बाबा हार्ट अटॅकने गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला साहेब येतो म्हणालास. मी म्हटलं, येऊ दे बापडा, दुःखात सोबत करतोय. मला काय ठाऊक, त्याच्यासोबत कॅमेरामनही येतोय! "घरचंच शूटिंग आहे ताई, आठवण राहील." आपली सगळी माणसं बेसमेंटमध्ये जमली होती. त्रिशरण-पंचशील झालं. आईने बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि तिथेच कोसळली. असं रडताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

माणसं वर जेवायला गेली. मी आईला पाणी घेऊन खाली आले, तर साहेब तुझ्या कानाशी लागलेला. मघाशी कॅमेऱ्यातली फिल्म मध्येच संपली होती, हे मला मागाहून कळलं. तू मेणबत्ती फुंकलीस, दीपू. बाबांची मेणबत्ती! काडेपेटी आईच्या हातात दिलीस आणि म्हणालास, "आई, अजून एकदा. मघासारखं." मी ओरडले, "अरे, लाज वाटते का?" तर तू ओठांवर बोट ठेवलंस. साउंड चालू होता ना!

आईने तुझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग काडी ओढली आणि रडली.

तोच सिनेमाचा शेवट झाला. आक्सेल विंथर पुन्हा उभा राहिला. एका शॉटमध्ये पकडलेलं विधवेचं सत्य, असं पेपरात छापून आलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, त्याच्यावर बक्षीस घेणारा पहिल्यांदा पाहिला. आणि तू, म्हणे, आता त्याचा असोसिएट डायरेक्टर. अभिनंदन कर म्हणतोस? बाबा असते तर केलं असतं. त्यांना तो नियम खरा वाटत होता.

गेल्या शनिवारी तो सिनेमा अ‍ॅन आर्बरला कॉलेजच्या थिएटरात लागला. मी नको म्हणत होते, पण आईने हट्टच धरला. कांताकाकू आणि उपासनाही आल्या. शेवट आला तसं सगळं थिएटर मुसमुसायला लागलं, आमच्या मागची बाई तर हुंदके देत होती. कांताकाकू माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "हर्षिता, अगं, वात काळी दिसतेय. ही विझवून परत लावली का?" इतक्या मोठमोठ्या समीक्षकांना जे दिसलं नाही, ते त्यांना दिसलं, कारण गेलेल्याची मेणबत्ती आपल्यात कुणी फुंकत नाही. उपासना टाळ्या वाजवत होती, "आजी, यू आर फेमस!"

घरी येऊन चहा टाकला आणि मी तुझं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "आई, दीपू बोलावतोय. जायचं का न्यूयॉर्कला?"

"कायले?"

"तुला स्टेजवर उभं करणार आहेत."

तिने कपातला चहा संपवला. मग म्हणाली, "तिथं लोक विचारतीन, नवऱ्यासाठी किती रडली बाई. मंग मी खोटं बोलू का? तुझ्या बाबासाठी रडली ते पहिल्यांदा. ते तर त्याइच्या डब्यात आलंच नाही. दुसऱ्या बारीला मी दीपूसाठी रडली. म्हटलं, एक गेला तो गेला. हा तर समोर उभा असून गेला."

एवढं बोलून ती कप धुवायला उठली.

तेव्हा साहेबांना सांग, त्यांनी पकडलं ते सत्यच आहे. फक्त कुणाचं, ते त्यांना माहीत नाही. तुला आता माहीत झालं. स्टेजवर कुणाला तरी उभं राहावंच लागणार असेल तर तू राहा, आणि हे सांग. सांगशील?

तिकिटं याच पाकिटात परत पाठवतेय. आई येणार नाही. तू फोन केलास तर ती घेईल, तुझं जेवणखाण विचारेल, कोट घाल म्हणेल. आई आहे ती. मी घेणार नाही. आणि हे मी एकदाच लिहितेय, परत लिहिणार नाही.

खाली 'तुझी ताई' लिहायला घेतलं होतं. हात चालला नाही.

हर्षिता