सातव्या पायरीचं भूत

चि. प्रज्ञेशला देवरावमामाचा सप्रेम जयभीम. दीपमालाताईचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, ते कळव (प्रश्न सहज विचारलेला नाही). इकडे आम्ही आहोत, पण अन्याय सोसत आहोत. गेले अकरा दिवस आमचे घरमालक भगवंतराव चहाबरोबर उस्मानिया बिस्किट देत नाहीत. कप येतो, बशी येते, बशीत नुसती पांढरी पोकळी.

भयकथा कशी लिहावी आणि खपवावी, हे तू विचारलंस. (बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात मामा-भाच्यांनी भुतांवर पोट भरायचं ठरवावं, हीच एक भयकथा.) तर भूत दाखवू नये, जिना दाखवावा. भुताला वाचक हसतो, ओळखीच्या जिन्यावर त्याची बोबडी वळते. म्हणून मी आमच्या अंबरपेठेतल्या घराचाच जिना घेतला. सातव्या पायरीची फरशी सुटलेली, पाय पडला की खटकन वाजणारी. वर हिरवं दार, आत रिकामी खोली. आता धंद्याचं. छापील कथेचं मानधन म्हणजे अंकाची एक प्रत. कथा वाचून मोबाइलवर ऐकवणारे मात्र पैसे देतात. दिली त्यांना. इथली तरुण मंडळी मराठी वाचत नाहीत, म्हणून निर्धास्त होतो. ती ऐकतात, हे ध्यानात आलं नाही.

वरची खोली बघायला चिन्मय आणि स्नेहा हे पुण्याचं जोडपं आलं. भगवंतरावांनी त्यांच्यासाठी नवा नळ बसवला होता. सातवी पायरी वाजली, स्नेहा थबकली, वर हिरवं दार बघितलं आणि नवऱ्याच्या कानाला लागली. दोघं आता शेजारच्या नल्लकुंट्यात भाड्याने राहतात. मी भगवंतरावांना समजावलं की भूत वगैरे नसतं. चहा गाळता गाळता म्हातारा म्हणाला, "नसतं, मला बी ठाऊक हाय. जिन्यावर कुणाचं तरी पाऊल वाजावं म्हणून भाड्याची पाटी लावली होती, देवराव. तुम्ही भुताचं वाजवलं."

असं शेवटचं वाक्य मला पंधरा वर्षांत जमलेलं नाही.

तुझा,
देवरावमामा

ता.क. कुकटपल्लीच्या नोकरीसाठी तू खोली शोधतोयस, असं ताई म्हणाली. अंबरपेठ लांब पडेल, पण भयकथा लिहिणाऱ्याने भुताच्या खोलीला नको म्हणणं शोभत नाही. शनिवारी सामान घेऊनच ये. भगवंतरावांना मी काही बोललेलो नाही.

आणखी एक. ताईलाही आण. आज भगवंतराव भाजी आणायला गेले तेवढ्यात मी सिमेंट कालवून सातवी पायरी पक्की बसवली. आता ती वाजत नाही. तेव्हा तू जरा पाय आपटत चढ.