तुटक्या पटाची वही

चंदीगड, सेक्टर ३१
१२ नोव्हेंबर १९९०

तीर्थस्वरूप नंदकुमारमामांना पद्मिनीचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता बरा असेल. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत (म्हणजे मी सोडून).

तुम्हीच लिहिलं होतंत, अकरावीतल्या मुलीला नवं गणित शोधायचं असेल तर प्रश्न अवतीभवतीचा घ्यावा. मी घेतला. कमीत कमी किती चौकांत पोलीस उभे केले, म्हणजे प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाला तरी पोलीस असेल? बुद्धिबळाच्या पटासारखा एक सोडून एक चौक धरला की भागतं, पण आमच्या शहराचा पट तळ्याकडे तुटका आहे. त्या तुटक्या पटाचा नियम मला सापडला (तो तुम्हाला कुठल्याच पुस्तकात मिळाला नाही, हेही तुम्हीच कळवलंत). पडताळा घ्यायला शनिवारी सायकलवरून चौक हिंडले. पोलीस असेल तिथे लाल टिंब, नसेल तिथे काळं. ही अक्कल माझ्याखेरीज कुणाला सुचली नसती.

नाक्यावरच्या हवालदाराने वही उघडली. "एह की ए, बेटा?" (हे काय आहे?) मी खरं तेच सांगितलं, की काळ्या टिंबांवर पोलीस नाहीत. त्याने वही ठेवून घेतली आणि माझं नाव-पत्ता लिहून घेतला.

आज तिसरा दिवस. जीपचा आवाज आला की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावते (आईला वाटतं पोट बिघडलंय, म्हणून मऊ भात चालू आहे). इथे अतिरेक्यांचे दिवस, बाबा एअर फोर्समध्ये, आणि मुलीच्या वहीत पोलिसांचा नकाशा. त्यांच्या साहेबांना कळलं तर? मला फार भीती वाटते, मामा. आणि लाज याची वाटते, की त्यातली निम्मी भीती वहीचीच आहे. सिद्धतेची दुसरी प्रत नाही.

तुमची भाची,
पद्मिनी

ता. क. हे गणितच आहे, असं तुमच्या कॉलेजच्या लेटरहेडवर शिक्क्यासह लिहून पाठवा. हिंदीत. बाबांच्या नावे नको.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात इन्स्पेक्टरच घरी आले. बाबांसमोर वही परत दिली (बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत). चहा घेताना त्यांनी विचारलं, "बेटा, एक चौक पर एक ही आदमी? अकेले में मेरे लडके डरते हैं." दोघं-दोघं ठेवायचे, आणि माणसं वाढवून मिळणार नाहीत, तर कोणते रस्ते सोडू, असं ते मला विचारत होते.

मी नुसती टिंबं काढली होती, मामा. शिक्का नको आता. त्यांना काय सांगू, एवढंच लिहा.