आई, तू उचललेली चिठ्ठी

आई, गेल्या आठवड्यात कचेरीचा जिना चढताना मी मध्येच खाली बसलो. छातीत जे झालं ते तू सांगायचीस तसंच होतं, आत कोंबडी फडफडावी तसं. वर्षभर चाललंय. कधी पाच मिनिटं, कधी तासभर, आणि थांबलं की काही झालंच नव्हतं असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, हृदयातली झडप अरुंद झाली आहे. गोळ्यांनी धडधड आवाक्यात राहील, पण झडप आवळतच जाईल. मुंबईला ऑपरेशन केलंत तर पुढची वर्षं बरी जातील, मात्र टेबलावर काही होणारच नाही असं मी सांगू शकत नाही. तुझ्या वेळच्या डॉक्टरांनीही जवळजवळ हेच सांगितलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. नामपूरहून एसटीनं तू नाशिकला माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आली आहेस. डॉक्टर विचारतात, "कधीपासून धडधडतं, मावशी?" तू पदर सावरत म्हणतेस, "लगीन झायं तवपाईन." डॉक्टर हसतात, मीही हसतो. मग ते मला बाहेर बोलावून दोन्ही उपाय समजावतात. घरी आल्यावर मी तुला सगळं सांगितलं तेव्हा तू मेथी निवडत होतीस. "माले काय समजस? तू शिकेल शे, तू सांग." मला सांगवेना. मी म्हणालो, देवालाच विचारू. एका चिठ्ठीवर मुंबई लिहिलं, दुसरीवर गोळ्या, आणि दोन्ही घड्या करून स्वयंपाकघरातल्या फळीवर देवापुढे ठेवल्या. तू हात धुतलेस, डोळे मिटलेस आणि एक उचलून मला दिलीस. "काय लिखेल शे?"

मुंबई लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "गोळ्या."

तुला अक्षर येत नव्हतं. तू अंगठा लावायचीस, आणि मी रडत असताना मला हाताला धरून गावच्या शाळेत नेऊन बसवणारीही तूच. तिथं शिकलेलं वाचन मी तुझ्यावर असं वापरलं. तू म्हणालीस, "बरं झायं. देवले बी माहीत शे, मन्हा जीव घरमाच रमस." आणि पुन्हा मेथी पुढे ओढलीस. पुढच्या वर्षी पोळ्याला, चुलीवर पुरणाची डाळ शिजत असताना तू गेलीस. तोवर गोळी एक दिवसही चुकवली नव्हतीस. देवानं सांगितलेलं औषध म्हणून घेण्याआधी कपाळाला लावायचीस.

काल तुझी सून म्हणाली, "अहो, किती दिवस घोळत बसणार? आईंच्या वेळी टाकल्या होत्या तशा चिठ्ठ्या टाका. मी उचलते." मी "नको" म्हणालो, ते इतक्या जोरात की तिच्या हातातली पळी थांबली. तिला काय सांगणार? पूजा मी रोज करतो, फुलं बदलतो, दिवा लावतो. विचारत मात्र काही नाही. एकदा विचारलं होतं आणि त्यानं स्पष्ट उत्तर दिलं होतं.

मुंबईला जायचं ठरवलंय. सोमवारी निघतो. त्यात धीर वगैरे काही नाही. गोळीची पुडी हातात घेतली की तुझं कपाळ दिसतं, आणि ती गिळवत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तुझ्या जिवाला जपण्यासाठी तसं वाचलं. तसं नव्हतं. चिठ्ठी उघडली तेव्हा डोळ्यांपुढे आलो तो मीच, तुझं गाठोडं मांडीवर घेऊन मुंबईहून एकटा परत येणारा. तुझा विचार त्याच्यानंतर आला.

हे कुठं पाठवायचं नाहीच. पण तू असतीस तर हे कागद मलाच तुला वाचून दाखवावे लागले असते, आणि खरं सांगतो आई, एवढं मी बहुधा गाळलं असतं.