मिस युलालीचं भांडं

सिंगापूर,
ता. ४ फेब्रुवारी २००५

चि. एकता हिस आईचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यातलं माझ्या नावाचं विमानाचं तिकीट मिळालं. हा आगाऊपणा तुला कुणी सांगितला होता? चांगी बिझनेस पार्कमधली सोन्यासारखी नोकरी सोडून कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर भटकतेस, वर मे महिन्यात मलाही बोलावतेस! तिकीट याच पाकिटातून परत पाठवते आहे. लेकीकडून घ्यायची वेळ अजून आलेली नाही माझ्यावर.

अगं, लोक तिकडे समुद्रकाठच्या हॉटेलात उतरतात. तू डोंगरातल्या कुणा मिस युलालीच्या घरी खोली घेतेस! भरल्याशिवाय गाडी हलत नाही म्हणतेस, म्हणजे आपलं वडापच की! पप्पा नुसते हसतात. त्यांचं काय जातंय?

ती बाई पैसे न घेता रोज जेवण देते ना? मग तिचं भांडं रिकामं परत देऊ नकोस. आपल्यात तसं करत नाहीत.

लोभ आहेच, रागासकट.
तुझी,
आई

डॉमिनिका,
ता. २१ फेब्रुवारी

ती. आईस स. जय भीम, वि. वि.

तुझं ऐकलं आणि फसले. मिस युलालीने नीरफणसाचं कालवण दिलं, मी भांड्यात बिस्किटं घालून परत केलं. पुढच्या वेळी साबण, मग साखर. तिसऱ्यांदा तिने भांडं पायरीवर आपटलं आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, की तिचं घर म्हणजे दुकान नाही, मी दुसरी खोली शोधावी. गावात दुसरी खोली नाही. हॉटेल मला परवडत नाही. बहुतेक सगळं सोडून परत यावं लागेल.

तरी तिकीट पुन्हा पाठवते आहे. तू हट्टी, तर मीही तुझीच.

एकता

सिंगापूर,
ता. ९ मार्च

चि. एकतास जय भीम व आशीर्वाद.

काय बाई आहे की कोण! साखर दिली तर भांडं आपटते? तिला स्पष्ट सांग. माझी आजी गावात दारोदार शिळी भाकरी मागायची. लोक लांबूनच टाकायचे, ती पदरात झेलायची. एक दिवस तिने ते कायमचं बंद केलं. तेव्हापासून आपण कुणाचं फुकट खाल्लेलं नाही. वाटीभर आलं, तर वाटीभर परत गेलं. हा आपला ताठा आहे आणि मला त्याची लाज नाही!

तिकीट फाडणारच होते, पप्पांनी हातातून काढून घेतलं.

काळजीत,
आई

डॉमिनिका,
ता. २७ मार्च

ती. आईस स. जय भीम, वि. वि.

तुझ्या आजीची गोष्ट मिस युलालीला सांगितली. ती म्हणाली, की तिची आजीही दुसऱ्याच्या मळ्यात राबायची आणि त्या बदल्यात मालक देईल ते खायची. म्हणून या घरात जेवणाऱ्याने मोबदला दिलेला तिला खपत नाही. तसं परके करतात, पोरी करत नाहीत. तिने पुन्हा वाढलं. मी भांडं घासून रिकामं परत दिलं. तिने लगेच ते भरलं. खोली राहिली.

आणि आता मला तुझा राग आलाय. पहिल्या पगाराची साडी दिली, तर आठवड्यात तू मला साखळी आणलीस. वाढदिवसाला घड्याळ दिलं, तर तू मला मोठं घड्याळ दिलंस. आई, मी परकी आहे का? एकदा तरी माझं काही नुसतं घे ना!

वाट पाहणारी,
एकता

सिंगापूर,
ता. १३ एप्रिल

चि. एकतास जय भीम.

आईला असं बोलतात? साडी देणारी तू, आणि साखळी आणली म्हणून वाईट मी! तुला कधी परकी मानलं मी? पण तुझी साडी कपाटातून काढली, तर तिची घडीही मोडलेली नव्हती.

यायचं ठरवून बॅगेत लाडू, मेतकूट, मिस युलालीसाठी साडी, सगळं भरलं होतं. काल ते पुन्हा बाहेर काढलं. आयुष्यात कुणाच्या दारात मी रिकाम्या हाताने गेलेले नाही. पाय अडखळतील, पण येते. तू काढलेल्या तिकिटावर येते.

मिस युलालीला सांग, मी भूक ठेवून येणार आहे. पोटभर वाढा म्हणावं.

लोभ असू दे.
तुझी,
आई