कामिनीचं माहेर

१२ ऑगस्ट, सोमवार
पुन्हा तेच! कामिनीचं बीपी एकशे पन्नास-शंभर, पाय सुजलेले, आठवा संपत आलेला — आणि सासू तिला माहेरी पाठवायला निघाली. माहेर म्हणजे काय, तर संत्र्याच्या बागेतली राखणदाराची खोली. बाप नत्थूजी एकटा. आई चार वर्षांपूर्वी गेली. वाटेत नाला. ॲम्ब्युलन्स अलीकडेच थांबते, बाईला बाजेवर उचलून आणावं लागतं.

अंजनाबाईंना दोन तास समजावलं. सासर रस्त्यावर आहे, इथेच राहू द्या सुनेला. ऐकेल ती सासू कसली! "पयलं बाळंतपण मायेरीच होते, शिस्टर. आमच्यात रीतच हाये." एकोणतीस वर्षं नर्सची नोकरी झाली, हेच वाक्य ऐकते आहे. कंटाळा आला.

१४ ऑगस्ट
लसीकरण. पाय ओढत घरी.

१६ ऑगस्ट
आज डोकं फिरलं. अंजनाबाईंनी सुनेची पिशवी भरून ठेवलेली. म्हटलं, "माहेरच पाहिजे ना? मग माझं घर तिचं माहेर समजा! काटोलला, दवाखान्याच्या मागेच आहे!" रागात बोलले. त्यांनी पिशवी उचलून परत आत नेली. मला वाटलं, जिंकले.

१८ ऑगस्ट, रविवार
जिंकले कसली! सकाळी आठला दारात ऑटो. अंजनाबाई, कामिनी, नत्थूजी, गादी, तांदळाची पिशवी. आणि अंजनाबाईंनी चक्क माझी ओटी भरली — विहीणबाई म्हणून! लग्न न झालेल्या बाईची ओटी! आता रीत कुठे गेली? "तुमची पोरगी, तुमीच पाहा जी," म्हणाल्या. नत्थूजी कोपऱ्यात उभे. "मले ह्यातलं काही समजत नाही, बाई," एवढंच बोलले आणि डोळे पुसले. नाही कसं म्हणणार?

दोन खोल्यांचं एकटीचं घर माझं. रविवारची झोप गेली ती गेलीच.

२३ ऑगस्ट
दिवसभर गावं फिरून आले तर हिने चहा केलेला. आराम कर सांगितलं होतं! ओरडले. ती रडली. मग मीही गुमान चहा प्यायले. चांगला होता.

२९ ऑगस्ट
कंबर धरली म्हणून घरी होते. नशीबच म्हणायचं. जेवता जेवता कामिनी म्हणाली, "मावशी, डोळ्यापुढं अंधार होऊन राहिला" — आणि ताटावरच कोसळली. बीपीचा झटका! शेजारच्या रवींद्रला हाका मारल्या. दोघांनी उचलून पाच मिनिटांत दवाखान्यात नेलं. इंजेक्शन, मग ॲम्ब्युलन्सने नागपूर, सिझर. मुलगी. दोन किलो शंभर. दोघी सुखरूप आहेत.

बागेत असती तर नाल्यापर्यंतही पोचली नसती. नीट लिहिता येत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
सव्वा महिना झाला. अंजनाबाई दोघींना घेऊन गेल्या. निघताना कामिनी पाया पडली, मी उगाच बाळाची टोपी सारखी करत बसले. नंतर रडले थोडी. कंबर गेली आहे पार. हे पुन्हा होणे नाही, माझं वय झालं. आता आठवडाभर फक्त झोप.

७ ऑक्टोबर
सकाळी दारात ऑटो. अनोळखी सासू, आठव्या महिन्यातली सून, गादी. "शिस्टर, मायेर हेच काय जी?"

हेच, म्हणाले.