टाकीच्या झाकणावरचा निळा रंग

प्रिय अण्णा,

ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या ट्रकला लिंबू-मिरची टिकू दिली नाही, त्याच्याच नावाने त्याच्याच घरच्यांनी लिंबू का बांधावं? आज सकाळी तुमची गाडी न्यायला जालन्याहून भंगारवाला आला होता. तो रिकाम्या हाताने परत गेला. ही हकिकत तुमच्यापर्यंत उलटीसुलटी जाण्याआधी मीच लिहावी म्हटलं.

तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या विधीआधी काकांनी गाडी रंगवली. रंगारी बोलावला नाही, भावाची गाडी म्हणून स्वतःच्या हाताने रंगवली. केबिन, बाजूचे फाळके, डिझेलची टाकी, सगळं एकाच निळ्या डब्यातून. किती सुरेख दिसत होती! मी शेजारी उभी राहून रडले होते.

मग काकांचा मिलिंद ती चालवायला लागला. घनसावंगीत डिझेल भरून निघायचा आणि वडीगोद्रीच्या अलीकडच्या चढावर गाडी आचके देत बंद पडायची. दर फेरीला तिथेच. त्याच बाभळीखाली, जिथे तुम्ही सीटखालचा दगड काढून चाकामागे लावायचात आणि टायर ठोकून बघायचात. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही!

मिस्त्री म्हणाला, पंप गेला. पंप खोलला, धुतला, बसवला. गाडी पुन्हा बाभळीखाली. मग त्याने टाकीकडून येणारा पाइप काढला, एक डबा वर टांगला आणि त्यातलं डिझेल इंजिनाला दिलं. गॅरेजात गाडी कितीतरी वेळ न अडखळता चालली. तो हसत म्हणाला, "पंप बराबर आहे. आता तुमचे अण्णाच पुढं जाऊ देत न्हाईत म्हणायचं!"

तो चेष्टेत बोलला, काकांनी खरं धरलं.

बंपरला लिंबू आलं. बाभळीखाली नारळ फुटू लागले. काकांनी सीटखालचा तुमचा तो दगड तिथे रोवला आणि त्याला शेंदूर फासला. आपल्या घरच्या माणसांनी, अण्णा! जिथे रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते त्या घरातल्यांनी! येणारेजाणारे ड्रायव्हर हात जोडायला लागले. कोणाला वाटेल की तुम्ही त्या चढावरच गेलात. तुम्ही तर घरी गेलात, आईच्या हातचं पाणी पिऊन.

आणि आईचं काय झालं, ते कोणी बघितलं का? बायका येऊन तिला विचारायच्या, "जाताना काही मागत होते का ओ ते?" ती भाकरी थापता थापता थांबायची, स्वतः जेवायची राहायची. एकदा मला म्हणाली, "त्यांचं काही राह्यलं का गं माझ्याकडून?" त्या दिवशी माझं डोकं फिरलं. एका बंद पडणाऱ्या इंजिनापायी माझ्या आईला अपराधी ठरवता?

तुम्ही मोकळं व्हावं म्हणून गाडी भंगारात द्यायची, असं काकांनी ठरवलं. मी म्हणाले, "काका, डब्यातल्या डिझेलवर चालते म्हणजे पंप चांगला आहे. टाकीतल्यावर थांबते म्हणजे घोटाळा टाकी आणि पंपाच्या मधे आहे. आधी तिथे तरी बघू."

"बीएस्सी झाली म्हणून आता भावाचं दुःख बी तपासून राह्यलीस का?" काका म्हणाले.

तुमच्यावरही राग आला, अण्णा. बॉनेट उघडलं की मला हाकलायचात, "हात काळे करू नको, तू शीक." शिकले. पण हात काळे केल्याशिवाय ते शिक्षण कुठे उपयोगी पडणार होतं? आणि कोणी लिंबू बांधलं की तुम्ही ते गुपचूप काढून फेकायचात. मोठ्याने का नाही बोललात कधी? एकदा बोलला असतात, तर काकांनी ते तुमच्याच नावाने बांधलं असतं का?

काल मी गाडीत बसले. काकाही आले, मांडीवर नारळ घेऊन. बाभूळ आली आणि गाडी थांबली. काका उतरून नारळ फोडायला निघाले.

"थांबा जरा," मी म्हणाले.

फिल्टरजवळचा पाइप सैल केला आणि तिथला छोटा हातपंप दाबू लागले. घट्ट! थेंब येईना. टाकी तर भरलेली. मग टाकीचं झाकण फिरवलं. निघेचना. मिलिंदने जोर लावला तेव्हा ते सुटलं आणि टाकीने लांब श्वास घेतल्यासारखी हवा आत ओढली. फुस्स! काका दोन पावलं मागे सरले. मी पुन्हा हातपंप दाबला. आधी फेस आला, मग डिझेलची स्वच्छ धार. पाइप आवळला, मिलिंदने चावी फिरवली, गाडी सुरू.

झाकणात हवेसाठी मोहरीएवढं भोक असतं. ते निळ्या रंगाने बुजलं होतं. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी डिझेल सोडत नाही. घनसावंगीत डिझेल भरताना झाकण उघडायचं, हवा आत जायची आणि ती बाभळीपर्यंत पुरायची; तिथे थोडा वेळ उभी राहिली की फटीतून जराशी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा सुरू. म्हणून दर फेरीला बाभूळ! यात तुम्ही कुठे होतात?

काका झाकण हातात घेऊन बघत बसले. "म्हंजे मीच बंद पाडली का गं?"

"रंग प्रेमाने दिलात, काका. त्याचा राग नाही. पण नारळ फोडायला सगळ्यांना सवड होती, झाकण उघडायला एकालाही नव्हती!"

काकांनी झाकण मिलिंदपुढे धरलं. मिलिंदने सुईने भोक मोकळं केलं. मी आईला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "मंग जेवून घेते मी."

अण्णा, वचन देते. तुमची गाडी पुन्हा कुठे अडली, तर आधी टाकीपासून इंजिनापर्यंत एकेक जागा तपासली जाईल. तुमचं नाव त्यात कोणाला ओढू देणार नाही. आणि या वेळी गुपचूप नाही, मोठ्याने सांगेन.

लिंबू कालच काढलं. तो दगडही उपटला. शेंदूर डिझेलने घासून काढला, त्यासाठी फडकं काकांनीच दिलं. परतताना मिलिंदने चढावर गाडी उभी केली, तेव्हा मी खाली उतरून तो दगड मागच्या चाकाला लावला आणि टायर ठोकून बघितले.

तुमची,
सुजाता